सुरी हवी? आधी भाता शोधा

पिंप्राळेकरांनो, हातघडणीच्या सुरीसाठी परदेशी साइट कशाला धुंडाळता? आठवडे बाजारात किंवा रस्त्याकडेला भाता लावून बसलेले घिसाडी, गाडीलोहार गाठा. ‘ट्रकच्या कमानपाट्याची घडवा’ असं स्पष्ट सांगा. त्या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, म्हणून पाणी नीट बसतं आणि धार टिकते. साध्या लोखंडी पट्टीची सुरी दिसते झकास, पण भरताच्या वांग्याच्या देठापाशीच हार मानते! हवा तो आकार कागदावर काढून न्या. मूठ बाभळीची घ्या. वापरून झाली की पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज ठरलेला. शोभेसाठी ९ इंचांहून लांब पातं मात्र नको, त्याला शस्त्रपरवाना लागू शकतो. आणि घासाघीस करण्याआधी घण मारणाऱ्या वहिनींचा घाम बघा.