काळ्या मातीतला कुंभार

वाशीम जिल्ह्यात कुंभाराची परीक्षा मातीच घेते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा थिजून इथला काळा दगड झाला आणि तो झिजून कापूस-सोयाबीन पिकवणारी जमीन तयार झाली. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते, वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतांना भेगा पडतात त्या यामुळेच. निव्वळ अशा मातीचे मडके भट्टीपर्यंतही टिकत नाही, वाळतानाच तडकते.

म्हणून कुंभार नदीकाठची आणि तळ्यांतली गाळमाती शोधतो. पैनगंगा, काटेपूर्णा, अडाण या नद्यांचा हा मुलूख आहे. काटेपूर्णा तर याच जिल्ह्यात उगम पावते. आणलेली माती वाळवून, कुटून, चाळून भिजत घालतात. मग तिच्यात राख, बारीक रेती आणि घोड्याची किंवा गाढवाची लीद मिसळून ती पायांनी तुडवतात. रेती-राखेने आकसणे कमी होते. लिदीतले तंतू ओले मडके धरून ठेवतात आणि भाजताना जळून बारीक छिद्रे मागे सोडतात. त्यांतून पाझरणारे पाणी हवेत उडते, म्हणून माठातले पाणी गार राहते. मिश्रणाचे प्रमाण कुठे लिहिलेले नसते. ते तळपायाला कळते, आणि या कलेतले सर्वांत अवघड ज्ञान तेच आहे.

चाकावर तोंड आणि खांदा घडतो. पोट वाढवायचे ते आतून गोल दगड धरून, बाहेरून लाकडी थापीने ठोकून. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, गोवऱ्यांबरोबर शेतातल्या पऱ्हाट्या-तुऱ्हाट्याही जळतात. हवा मोकळी मिळाली तर मातीतल्या लोहामुळे मडके तांबडे होते, धूर कोंडला तर काळे. विदर्भात माहुरझरी, नैकुंड येथील लोहयुगीन काळी-तांबडी भांडी याच तत्त्वावर भाजलेली आहेत.

मागणी सणांवर चालते: अक्षय्य तृतीयेला करा-केळी, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या, संक्रांतीला सुगडी.

खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८पासून कुंभारांना विजेवरची चाके देण्यास सुरुवात केली. त्यांमुळे श्रम वाचतात, मात्र चांगल्या मातीची गरज तशीच राहते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०१७पासून तलावांचा गाळ शेतांवर जातो, आणि ते योग्यच आहे. त्या गाळातला कुंभारकामाजोगा थर गावच्या कुंभारासाठी आधी बाजूला ठेवावा, एवढे ग्रामपंचायतींनी अवश्य करावे.