आभासी चलनावरील कारवाई आणि सामान्य माणूस

दरमहा १० टक्के परतावा, तोही सलग १८ महिने! ‘गेनबिटकॉइन’ या योजनेने २०१५ पासून असे आश्वासन दिले आणि हजारो लोकांनी आपली पुंजी बिटकॉइनच्या रूपाने तिच्या स्वाधीन केली. पुढे २०१७ मध्ये बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे, योजनाचालकांचेच नाणे गुंतवणूकदारांच्या हाती ठेवण्यात येऊ लागले. बाजारात त्याला फारसे मोल नव्हते. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये प्रमुख आरोपीस अटक केली. २०२२ मध्ये त्याचे निधन झाले. निरनिराळ्या राज्यांतील गुन्ह्यांचा तपास सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला व फेब्रुवारी २०२५ मध्ये ६० हून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. हाती लागलेले चलन सुमारे २४ कोटी रुपयांचे होते. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे गोळा झालेली रक्कम मात्र ६,६०० कोटींच्या घरात जाते.

या तपासातील एक प्रकार अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तपासास साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच, आरोपींचे चलन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली. जप्त केलेले दागिने मोहोरबंद करून कोषागारात ठेवता येतात. आभासी चलनाचे तसे नाही; त्याची गुप्त किल्ली ज्याला ठाऊक, तो ते कोठूनही हलवू शकतो.

कायद्याची स्थिती काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. आभासी चलनाची खरेदी-विक्री भारतात गुन्हा नाही. तथापि ते वैध चलनही नाही. बँकांनी या व्यवहारांना सेवा देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविले. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर व विक्रीच्या रकमेतून एक टक्का करकपात लागू झाली. एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्याची मुभा नाही, हे पुष्कळांना विवरणपत्र भरतानाच समजते. मार्च २०२३ मध्ये हा व्यवसाय काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नऊ विदेशी एक्स्चेंजना नोटिसा निघाल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांची दारे भारतात बंद करण्यात आली. ज्यांची शिल्लक तेथे होती त्यांची साहजिकच धांदल उडाली. त्यांपैकी बायनान्सने पुढे नोंदणी केली. तिला १८ कोटी ८२ लाख रुपये दंड झाला.

कारवाईची खरी झळ पोहोचते ती बँक खात्यावर. एखादा तरुण आपले नाणे अनोळखी ग्राहकास थेट विकतो. रक्कम खात्यात जमा होते, व्यवहार पुरा होतो. काही दिवसांनी खाते गोठते. ग्राहकाने दिलेला पैसा भलत्याच कोणा वृद्धाला फसवून मिळविलेला असतो, आणि त्या वृद्धाने १९३० या क्रमांकावर तक्रार केलेली असते. पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला त्या सर्वांवर बंधन येते. त्वरा केली नाही तर रक्कम हातची जाते, म्हणून पोलिसांचे चुकते असे म्हणता येत नाही. परंतु वादातील रक्कम पाच हजारांची आणि खाते संपूर्ण बंद, हे न्याय्य नव्हे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत बंधन वादग्रस्त रकमेपुरतेच ठेवावे, असा निर्देश दिला.

असा खातेदार बहुधा प्रथम गावातील शिक्षकाकडे किंवा पंचायतीच्या सदस्याकडे येतो. त्याला बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागावयास सांगावे : तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि वादग्रस्त रकमेचा आकडा. पोलीस ठाणे परराज्यातीलही असू शकते. विक्रीची नोंद, ग्राहकाशी झालेला संदेशव्यवहार व खात्याचा उतारा जोडून तपास अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तेथे दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाता येते. खाते सोडवून देतो म्हणून पैसे मागणारे मध्यस्थ याच सुमारास दूरध्वनी करू लागतात. त्यांना एक पैसाही देऊ नये.