परिचर्येच्या पदवीची जवळची वाट

बारावीचा निकाल लागला की नाशिक शहरातील आणि पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडील अनेक मुली नर्सिंगचा विचार करतात. आता काही मुलेही या क्षेत्राकडे वळू लागली आहेत. यातील बऱ्याच जणांची निवड आवडीपेक्षा घरच्या परिस्थितीवरून ठरते. लवकर कमावते व्हायचे म्हणून जी.एन.एम.ची पदविका घेतली जाते. पुढे आठ-दहा वर्षे वॉर्डात काढल्यावर, आपल्याच हाताखाली काम शिकलेली मुलगी पदवीच्या जोरावर पुढे गेलेली दिसते आणि मनाला बोचणी लागते. अशा वेळी कोणीतरी सांगते, "अहो, दोन वर्षांत डिग्री होते." ही गोष्ट खरी आहे. मात्र ती कोणासाठी खरी आहे, हे नीट समजून न घेतल्यास पैसा आणि वर्षे दोन्ही वाया जातात. म्हणून हा लेखनप्रपंच.

नर्सिंगचे तीन दरवाजे

पहिला दरवाजा ए.एन.एम.चा. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून गावपातळीवरील आरोग्यसेविका यातून तयार होतात. दुसरा जी.एन.एम.चा, तीन वर्षांची पदविका. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली असली, तरी इंग्रजी विषय आणि आवश्यक गुण असल्यास येथे प्रवेश मिळू शकतो. तिसरा बी.एस्सी. नर्सिंगचा, चार वर्षांची पदवी. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. परिषदेच्या नियमांत या विषयांत किमान ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुणांची अट आहे. प्रवेश राज्याच्या सीईटीमार्फत होतात.

कमी मुदतीची पदवी कोणाला?

अमेरिकेत अन्य विषयातील पदवीधराला साधारण १२ ते १८ महिन्यांत नर्सिंगची पदवी घेता येते. ते ऐकून आपल्याकडील बी.ए., बी.कॉम. झालेली मुले चौकशी करतात. परंतु भारतात अशी सोय नाही. अन्य शाखेच्या पदवीधरालाही नर्सिंगची सुरुवात पहिल्या वर्षापासूनच करावी लागते. आपल्याकडील जवळची वाट एकच, ती म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. मुदत दोन वर्षे. ती जी.एन.एम. उत्तीर्ण होऊन राज्याच्या परिचर्या परिषदेकडे परिचारिका व प्रसविका म्हणून नोंदणी झालेल्यांसाठीच आहे. रुग्णशय्येजवळ जे शिक्षण आधी झाले, त्याची येथे कदर केली जाते. ते शिक्षण गाळले जात नाही.

येथे हिशेब स्वच्छ मांडला पाहिजे. जी.एन.एम.ची तीन आणि ही दोन मिळून पाच वर्षे होतात. थेट पदवी चार वर्षांत होते. म्हणून ज्यांच्याकडे विज्ञान शाखा व गुण आहेत आणि ज्यांना घरचे चार वर्षे सांभाळू शकतात, त्यांनी थेट पदवीच घ्यावी. ज्यांना मध्येच कमावणे भाग आहे, त्यांच्यासाठी पदविका, नोकरी आणि मग पदवी हा मार्ग योग्य. तो कमी प्रतीचा मुळीच नाही.

प्रवेशापूर्वी

प्रथम आपली नोंदणी तपासावी. तिचे नूतनीकरण राहिले असेल तर ते आधी करून घ्यावे. त्यानंतर महाविद्यालयाची मान्यता पाहावी. महाराष्ट्रातील संलग्न नर्सिंग महाविद्यालयांच्या पदवी परीक्षा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या नाशिकला, म्हसरूळला आहे. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना जे पत्राने विचारावे लागते, ते आपल्याला समक्ष जाऊन विचारता येते. महाविद्यालय संलग्न आहे काय, चालू वर्षासाठी किती जागा मंजूर आहेत, एवढे दोन प्रश्न विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. "हजेरी न लावता डिग्री" असे कोणी सांगितल्यास तेथून सरळ परत फिरावे. नर्सिंगसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा २०२३ साली झाला आहे. त्यामुळे प्रवेशाच्या वर्षीची नियमपुस्तिका वाचूनच अर्ज करावा.

नोकरीत असणाऱ्यांनी खात्याची लेखी परवानगी व अध्ययन रजेचा प्रश्न आधी सोडवावा. हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. रात्रपाळी करून तो निभावून नेऊ, या भ्रमात राहू नये.

दोन वर्षांत काय असते?

पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र, जीवरसायन, मानसशास्त्र यांबरोबर माता, बालक व प्रौढ रुग्णांची परिचर्या असते. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, सामाजिक आरोग्य व मानसिक आरोग्य परिचर्या, तसेच अध्यापन, प्रशासन आणि संशोधन व संख्याशास्त्र यांची ओळख होते. हे शेवटचे तीन विषयच पदविकाधारक परिचारिकेला वॉर्डातून वर्गात आणि कार्यालयात नेतात. अनुभवी परिचारिकांना वॉर्डातील काम जड जात नाही. जड जाते ते इंग्रजीतून लिहिणे आणि संख्याशास्त्र. त्यावर उपाय एकच. पहिल्या महिन्यापासून रोज एक पान लिहावे आणि केस स्टडी, प्रकल्प शेवटच्या आठवड्यावर टाकू नयेत. लेखी व प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. हजेरी किमान ८० टक्के लागते; प्रात्यक्षिकाचे बुडलेले तास मात्र पदवीपूर्वी पूर्ण भरून द्यावेच लागतात. बाळंतपण, आजारपण आल्यास न सांगता घरी बसू नये. प्राचार्यांना लेखी कळवावे. अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुदत चार वर्षांपर्यंत असल्याने एक अपयश म्हणजे शेवट नव्हे.

खर्चाची बाजू

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, समाजकल्याणची वसतिगृहे आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ साली झाली, ती बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून, हे विसरू नये. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता तयार ठेवावा. केंद्राच्या संस्थांत अर्ज करताना केंद्राने ठरवून दिलेल्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. त्याअभावी हाती आलेली संधी जाऊ शकते.

पदवीने काय मिळते?

पाठ्यनिर्देशिकेच्या कामाची, पुढे एम.एस्सी. नर्सिंगची वाट मोकळी होते. त्यासाठी परिषदेच्या नियमांत पदवीला ५५ टक्के गुणांची अट आहे. म्हणून नुसते पास होण्यावर समाधान मानू नये. 'एम्स'च्या परिचर्या अधिकारी भरतीत जी.एन.एम. उमेदवाराकडे किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव मागतात, तर पदवीधरासाठी ती अट नाही.

पालकांना आणि विशेषतः सासरच्या मंडळींना एक विनंती. सून किंवा मुलगी पुन्हा शिकायला निघाली, तर "आता कशाला?" असे म्हणू नका. त्या दोन वर्षांत घरातल्या कोणी स्वयंपाक सांभाळला, कोणी मुलांना शाळेत सोडले, तर पदवीवर नाव तिचे असले तरी श्रेय साऱ्या घराचे असेल. आणि ज्या भगिनी ही वाट चालून पुढे गेल्या आहेत, त्यांनी आपली पुस्तके व वह्या मागून येणाऱ्या एकीला तरी द्याव्यात.