सबवूफरची कॉइल कां जळते?

वैशाखांत परभणी, जिंतूर, गंगाखेड या बाजूस वराती निघूं लागल्या, कीं ध्वनिक्षेपकाच्या पेट्या भाड्यानें देणाऱ्या कारागिरांस उसंत म्हणून मिळत नाहीं. अशा दिवसांत ऐन वरातींत सबवूफरची, म्हणजे केवळ खर्जाचे नाद उठविणाऱ्या स्पीकरची, कॉइल जळली तर ठरलेलें भाडें हातचें जातें. मग निदान एकच ऐकूं येतें: “ओहम कमी केले, म्हणून जळली.” हें निदान अर्धेंच खरें आहे.

कॉइल म्हणजे चुंबकाच्या फटींत नाचणारें तारेचें वेटोळें. तिला दिलेल्या शक्तीपैकीं शेंकडा पांच भागहि क्वचितच नाद होऊन बाहेर पडतात; बाकी सारी उष्णता! आतां ज्यांत ४ ओहमांच्या दोन कॉइली आहेत असा स्पीकर घेऊं, आणि ॲम्प्लिफायर ४० व्होल्टांचा दाब देतो असें धरूं. (नादाच्या उंचीप्रमाणें हे ओहम बदलतात, पण हिशेबापुरतें तें बाजूस ठेवूं.) दोन्ही कॉइली एकसर, म्हणजे एकीमागें एक, जोडल्या तर ८ ओहम होतात, प्रत्येकीच्या वाट्यास २० व्होल्ट येतात आणि उष्णता १०० वॅट होते. त्याच समांतर जोडल्या तर २ ओहम होतात. प्रत्येकीस पुरते ४० व्होल्ट मिळतात आणि उष्णता ४०० वॅट, म्हणजे चौपट! येथें लोकांचें म्हणणें खरें ठरतें.

परंतु ८ ओहमांच्या पेटीशेजारीं तशीच दुसरी पेटी समांतर जोडली, तर ओहम निम्मे होऊनहि पहिल्या पेटीच्या कॉइलींवरील दाब तोच राहतो. त्यांस अधिक ताप मुळींच होत नाहीं. दुप्पट प्रवाहाचा भार पडतो तो बिचाऱ्या ॲम्प्लिफायरवर. तेव्हां एकूण ओहमांपेक्षां एकेका कॉइलीस किती व्होल्ट मिळतात, हें पाहावें.

खरा घात पुढेंच आहे. तांब्याचा रोध दर अंशास शेंकडा सुमारें ०.४ वाढतो. कॉइल १०० अंशांनीं तापली, कीं ४ ओहमांचे सुमारें साडेपांच होतात, प्रवाह घटतो आणि आवाज खालावतो. वऱ्हाडी ओरडतात, कारागीर बटण पुढें सारतो, आणि आधींच तापलेल्या कॉइलीवर आणखी दाब येतो. त्यांत भोंवतालची हवाच ४२ अंशांची! शेवटीं तारेवरील लेप व वेटोळें धरून ठेवणारा गोंद करपतो.

आवाज आपोआप मंदावूं लागला, कीं बटण पुढें न सारतां मागें घ्यावें. पंगत बसेल तेव्हां पेटी मुकी ठेवावी. कॉइल लवकर निवते, पण तिच्या भोंवतालचें जड चुंबक निवावयास बराच वेळ लागतो.