डहाणूचं आधण, खोडाळ्याचं आधण

डहाणूच्या किनाऱ्यावर पाण्याचं आधण ठेवलं आणि खळाखळा उकळी फुटल्यावर त्यात प्रयोगशाळेतला थर्मामीटर (तापाचा नव्हे हं!) धरला, तर पारा 100 अंशांवर थांबतो. आता घाट चढून खोडाळ्याला या. तसंच पातेलं, तशीच उकळी, पण पारा 99च्या आसपासच अडतो! जिल्हा तर एकच, पालघर. मग फरक पडला कशाने?

हवेने. हवेलाही वजन असतं. समुद्रकाठी दर चौरस सेंटिमीटरवर ती जवळजवळ एक किलोचा भार टाकते. चुलीजवळ बसून नीट ऐका. उकळी येण्याआधी पातेलं सूं-सूं करतं ना? तळाशी वाफेचे बुडबुडे धरतात, वरच्या जरा गार पाण्यात शिरतात आणि तिथेच चिरडून जातात. त्यांचाच तो आवाज! आतल्या वाफेचा जोर बाहेरच्या दाबाला पुरून उरला, की बुडबुडे थेट वर येऊन फुटतात. हीच उकळी.

जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंच, खोडाळाही त्याच डोंगरपट्ट्यातला. इथे डोक्यावरची हवा थोडी कमी, म्हणून बुडबुड्यांना तेवढा जोर लागत नाही. दर 300 मीटरला पारा साधारण एक अंश उतरतो. 1646 मीटर उंच कळसूबाईवर पाणी साडेचौऱ्याण्णवच्या आसपास उकळतं, तर त्याहून कितीतरी उंच असलेल्या लडाखमधल्या लेहला 88 अंशांवरच! तिथे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर मात्र वाफ कोंडून पाणी 120 अंशांपर्यंत नेतो.

आणि एक फार कामाची गोष्ट. एकदा उकळी फुटली, की चुलीत कितीही लाकडं सारा, पाणी आणखी तापत नाही. नुसती वाफ वाढते. मंद जाळावरही भात तेवढ्याच गरम पाण्यात शिजतो. रानातून डोक्यावर आणलेली मोळी उगाच का जाळायची?

उकळीच्या आकड्यावरून उलट उंचीही काढता येते. 1866 साली सर्वेक्षक पंडित नैनसिंह रावत वेश पालटून तिबेटमधल्या ल्हासाला पोचले. थर्मामीटर काठीत लपवलेला! पाणी उकळून त्यांनी त्या शहराची उंची काढली.

तुम्हीही शाळेतल्या सरांना किंवा बाईंना सोबत घेऊन हे करून बघा. 100 मधून आलेला आकडा वजा करा, 300 ने गुणा. गावाची उंची साधारण मीटरमध्ये मिळेल. पावसाळ्यात उत्तर थोडं जास्त आलं तर गोंधळू नका. तेव्हा हवेचा दाबही उतरलेला असतो.