गंज आणि झीज

पडवीच्या कोपऱ्यात एखादा कोयता वर्षभर पडून राहिला, तर त्याच्या पात्यावर तांबूस गंज चढतो. रोज रानात जाणारा कोयता लाकडे तोडतो, दगडावर घासला जातो. त्याचे पाते थोडेथोडे झिजते खरे, परंतु त्याची धार कायम राहते. निर्जीव लोखंडाची ही कथा. मग सजीव शरीराची कोणती?

शरीर आणि कोयता यांत एक मोठा भेद आहे. लोखंडाची झीज भरून निघत नाही; शरीराची बरीचशी भरून निघते. स्नायूंना बेताचे श्रम पडले, म्हणजे विश्रांतीच्या वेळी शरीर त्यांची डागडुजी करते आणि त्यांना अधिक बळकट बनविते. स्नायू हाडांना ओढतात, त्या ताणाने हाडेही मजबूत राहतात. उलट, एखाद्या अवयवाचा उपयोग होईनासा झाला, की काटकसरी गृहस्थाप्रमाणे शरीर त्याच्यावरील खर्च कमी करते. मोडलेला हात काही आठवडे प्लास्टरमध्ये राहिला, तर तो दुसऱ्या हातापेक्षा बारीक दिसू लागतो, तो याच कारणाने.

वय वाढते तसतसे स्नायू क्षीण होऊ लागतात. हे कोणालाही टळलेले नाही. परंतु वार्धक्यातील सारा अशक्तपणा वयामुळेच येतो काय? की त्याचा काही भाग बसून राहिल्यामुळे येतो? अमेरिकेतील बोस्टन शहरी काही संशोधकांनी या प्रश्नाचा छडा लावण्याचे ठरविले. एका वृद्धनिवासातील ८६ ते ९६ वर्षे वयाची दहा माणसे या प्रयोगासाठी स्वेच्छेने पुढे आली. त्यांतील नऊ जणांनी तो शेवटास नेला. आठवड्यातून तीन दिवस ती वृद्ध माणसे पायाने वजन उचलण्याचा व्यायाम करीत आणि ते वजन बेताबेताने वाढविले जाई. आठ आठवड्यांनंतर त्यांच्या पायांची शक्ती सरासरीने पावणेतीनपट झाली होती! दोघांना तर चालताना काठीची गरज उरली नाही. मात्र व्यायाम थांबताच अवघ्या चार आठवड्यांत ती शक्ती सुमारे एक-तृतीयांशाने घटली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवून दिले, की नव्वदाव्या वर्षीही शरीर श्रमाला प्रतिसाद देते आणि आळसालाही!

पायांत बळ असण्याचे मोल वृद्धांना विशेष कळते. ज्याला आधारावाचून उठता येते, तो आपले स्नान आपण करतो, देवळाच्या पायऱ्या चढतो, सायंकाळी मित्राच्या ओट्यावर जाऊन बसतो. त्याला भूक लागते, झोप येते, आणि चार माणसांत मिसळल्याने मनही प्रसन्न राहते. नुसते आयुष्य लांबणे निराळे आणि ते स्वावलंबनाने जगता येणे निराळे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी पुणे-हिंगणे वाट पायी तुडविली. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते जगाच्या प्रवासाला निघाले. १९३६ साली, इतर माणसे निवृत्त होऊन कितीतरी वर्षे लोटलेली असतात त्या वयात, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवे मंडळ काढले. १९६२ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांचे वय १०४ वर्षांचे होते. एवढे आयुष्य सर्वांना लाभत नाही. परंतु लाभलेले आयुष्य कसे वापरावे, हे त्यांच्याकडून शिकता येते.

अर्थात, वार्धक्यातील श्रम झेपतील तेवढेच असावेत. आजारी माणसाला विश्रांती हवी आणि नवा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावा. पण पुष्कळ घरांत काय घडते? आजी धान्य निवडू लागली, की सूप तिच्या हातून काढून घेतात. आजोबा बाजाराची पिशवी उचलतात, तोच नातू धावतो आणि म्हणतो, “आजोबा, तुम्ही बसा, मी जातो.” या शब्दांत माया असते, यात शंका नाही. परंतु अशा मायेनेच चालती पावले हळूहळू खाटेला खिळतात.

“आजोबा, चला, आपण दोघे जाऊ,” असे म्हणून जो नातू आपली धावती पावले आजोबांच्या पावलांबरोबर संथ टाकतो, त्याची माया अधिक शहाणी होय.