मध्ये एक रस्ता, दोन मिडल स्कूल: अमेरिकेत घर घेताना शाळांच्या हद्दी कशा ताडून बघायच्या

आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल, पण अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांच्या डोक्यात तो महिनोन् महिने घोळत असतो. दोन घरं आवडलेली असतात. दोन्ही एकाच गावात, मध्ये फक्त एक रस्ता. अलीकडच्या घराला एक मिडल स्कूल, पलीकडच्या घराला दुसरं. पलीकडचं घर चाळीस हजार डॉलरने महाग, आणि जाहिरातीत शाळेचं नाव ठळक अक्षरात. हे चाळीस हजार द्यावेत का, आणि दिले तर त्यातून नक्की काय विकत घेतलं, हे आज आपण बघणार आहोत.

आधी व्यवस्था समजून घेऊ

आपल्यापैकी बरेच जण भारतातून ऐकत आहेत, मुलगा-सून किंवा मुलगी-जावई तिकडे घर बघताहेत, म्हणून थोडी पार्श्वभूमी. पुण्यात किंवा नाशकात आपण शाळा निवडतो, फॉर्म भरतो आणि मग व्हॅन किंवा रिक्षा लावतो. घर आणि प्रवेश यांचा थेट संबंध आपल्याला माहीत आहे तो आरटीईच्या २५ टक्के जागांपुरता. तिथे घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं. अमेरिकेत सरकारी शाळेच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी पत्ता हाच प्रवेश अर्ज असतो.

यात दोन रेषा असतात आणि त्यांची गल्लत फार होते. पहिली रेषा स्कूल डिस्ट्रिक्टची. डिस्ट्रिक्टला आपलं मंडळ असतं, आपलं बजेट असतं आणि त्यात प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा वाटा असतो. दुसरी रेषा अटेंडन्स झोनची, म्हणजे एकाच डिस्ट्रिक्टमध्ये कोणत्या गल्लीतली मुलं कोणत्या शाळेत जाणार याची. दोन डिस्ट्रिक्टची तुलना करताना पैसा, कर आणि नियम सगळंच बदलतं. एकाच डिस्ट्रिक्टमधले दोन शेजारी झोन बघताना मात्र मंडळ एक, कराचा दर एक, शिक्षकांची वेतनश्रेणी एक आणि अभ्यासक्रमही बहुतांशी एकच. फरक उरतो तो तीन गोष्टींचा: वर्गात कोण बसतं, मुख्याध्यापक आणि शिक्षक कसे आहेत, आणि इथून मूल पुढे कुठल्या हायस्कूलला जातं.

न्यू जर्सीतलं एडिसन घ्या, आपल्या लोकांना चांगलं ओळखीचं. तिथे सहावी ते आठवीच्या चार मिडल स्कूल आहेत. जॉन ॲडम्स आणि वुड्रो विल्सनची मुलं जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला जातात, हर्बर्ट हूवर आणि थॉमस जेफरसनची एडिसन हायस्कूलला. म्हणजे 'कोणतं मिडल स्कूल' या प्रश्नाच्या पोटात हायस्कूलचा प्रश्न दडलेला असतो. जास्तीचे पैसे तीन वर्षांसाठी द्यायचे की सात वर्षांसाठी, हे त्यावरून ठरतं. दोन्ही मिडल स्कूल पुढे एकाच हायस्कूलला मिळत असतील तर हिशोब तीनच वर्षांचा. म्हणून पहिलं काम हे: प्राथमिक, मिडल आणि हाय अशी पूर्ण साखळी कागदावर लिहून काढणं.

किंमत शाळेची की शेजाऱ्यांची?

यावर अर्थशास्त्रज्ञांनी नेटकं काम केलेलं आहे. सँड्रा ब्लॅक यांनी १९९९मध्ये बॉस्टनच्या उपनगरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी बरोबर आपल्यासारखीच घरं निवडली, म्हणजे प्राथमिक शाळांच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची. परिसर तोच, शाळा वेगळी. शाळेचे परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घराला सुमारे २.५ टक्के जास्त किंमत देतात, असं त्यांना दिसलं. हद्दीजवळची घरं न निवडता सरसकट हिशोब केला तर हाच आकडा जवळपास दुप्पट येत होता. म्हणजे ज्याला आपण शाळेची किंमत म्हणतो, त्यातला अर्धा भाग परिसराचा होता.

पुढे २००७मध्ये बायर, फरेरा आणि मॅकमिलन यांनी सॅन फ्रान्सिस्को बे एरियात आणखी एक पाऊल टाकलं. हद्दीच्या दोन बाजूंना राहणारी माणसंसुद्धा हळूहळू वेगळी होत जातात. उत्पन्न वेगळं, शिक्षण वेगळं. तो फरक बाजूला काढल्यावर गुणांतल्या ५ टक्के वाढीसाठी लोक १ टक्क्याहूनही कमी जास्त किंमत देतात, असं त्यांना आढळलं. थोडक्यात, चाळीस हजारांतला बराचसा भाग शिकवण्यासाठी नसून शेजारी कोण आहेत यासाठी असू शकतो. तो द्यायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण कशासाठी देतोय हे माहीत असावं.

रेटिंगचा आकडा काय सांगतो?

घरांच्या साइटवर शाळेपुढे १ ते १०मधला आकडा असतो. तो बऱ्याच अंशी किती मुलं परीक्षेत अपेक्षित पातळी गाठतात यावर उभा असतो. आणि ती पातळी मूल शाळेत येतानाच घरून किती घेऊन आलं यावर फार अवलंबून असते. ज्या झोनमध्ये दोन्ही पालक इंजिनिअर आहेत आणि शनिवारी गणिताची शिकवणी आहे, तिथला आकडा वरच राहणार. त्यात शाळेचं कर्तृत्व किती, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

त्यासाठी दुसरा आकडा बघायचा, वाढीचा. न्यू जर्सीच्या शिक्षण विभागाच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये तो 'स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल' या नावाने मिळतो. इतर अनेक राज्यांतही असा काही ना काही आकडा असतो. यात मुलाची तुलना राज्यातल्या अशा मुलांशी होते ज्यांचे आधीचे गुण त्याच्यासारखेच होते. ५० म्हणजे मधोमध.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' शाळेत ७८ टक्के मुलं पातळी गाठतात, वाढ ४४. 'ब' शाळेत ६६ टक्के गाठतात, वाढ ५८. साइटवर 'अ' पुढे दिसेल आणि घरंही तिथलीच महाग असतील. पण तुमचं मूल जिथे आहे तिथून पुढे नेण्याचं काम 'ब' जास्त चांगलं करते आहे. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टचे आकडे असेच तपासले. शिकागोत सरासरी गुण कमी होते, पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत तिथली मुलं साधारण सहा वर्षांइतकी पुढे गेली होती. नुसती सरासरी बघणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

दोन सावधगिऱ्या. एक, छोटे फरक सोडून द्या. एका इयत्तेत २५० मुलं असतील तर केवळ त्या वर्षीची बॅच वेगळी म्हणून टक्केवारी तीनेक अंकांनी वरखाली होऊ शकते. निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. दोन, आठवीचं गणित बघून घाबरू नका. न्यू जर्सीत आठवीत अल्जिब्रा घेणारी मुलं आठवीच्या गणिताची परीक्षा न देता अल्जिब्राची देतात. वरची मुलं बाजूला गेल्यामुळे चांगल्या शाळेतही आठवीचा आकडा पडलेला दिसतो. तुलना करायची तर सहावी-सातवीची करा.

मिडल स्कूलमध्ये खरंच काय ठरतं?

गणिताची वाट. आठवीत अल्जिब्रा झाला की पुढे जिओमेट्री, अल्जिब्रा-२, प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस अशी रांग सरळ लागते. नाही झाला तर मध्ये कुठेतरी उडी मारावी लागते. त्यामुळे दोन्ही शाळांना विचारायचे प्रश्न असे: मुलांना कोणत्या गटात घालायचं हे कधी आणि कशावर ठरतं? एका चाचणीवर की शिक्षकांच्या मतावर? सहावीत मागे पडलेल्या मुलाला सातवीत वरच्या गटात येता येतं का? दुसऱ्या देशातून वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाचं काय? अर्थात एकाच डिस्ट्रिक्टमध्ये हे धोरण बहुतेक वेळा सगळ्या शाळांना सारखंच असतं, आणि बदलतं तेव्हा सगळीकडेच बदलतं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४च्या सुमारास आठवीतला अल्जिब्रा सगळ्याच शाळांमधून काढला आणि २०२४मध्ये तो परत आणायचं ठरलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उत्तर एकच मिळालं, तर पैसे द्यायचं एक कारण कमी झालं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मुलाला विशेष मदत लागत असेल तर ती कोणत्या इमारतीत मिळते ते विचारा, कारण काही कार्यक्रम एकाच शाळेत असतात. बसचंही विचारा. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलांना घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल तरच बसचा हक्क आहे. आणि शक्य असेल तर शाळा सुटायच्या वेळी पंधरा मिनिटं बाहेर उभं राहून बघा.

रेषा हलते

हा मुद्दा सगळ्यात कमी विचारला जातो. घर आपल्या नावावर होतं, हद्द होत नाही. मेरीलँडच्या हॉवर्ड काउंटीत २०१९मध्ये मंडळाने हद्दी नव्याने आखल्या आणि पाच हजारांहून जास्त मुलांची शाळा बदलली. टेक्ससमधल्या प्लेनोत मुलांची संख्या घटली म्हणून २०२४मध्ये चार शाळा बंद करायचं ठरलं, त्यातल्या दोन मिडल स्कूल होत्या. आज मूल पहिलीत असेल तर ते सहावीत जाईपर्यंत पाच वर्षं आहेत. तेवढ्यात मुख्याध्यापक बदलू शकतात, रेटिंग बदलू शकतं, रेषाही बदलू शकते.

म्हणून ऑफर देण्याआधी दोन गोष्टी करा. डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या साइटवर पत्ता टाकून शाळा बघा आणि नोंदणी कार्यालयाकडून ईमेलवर लेखी घ्या. झिप कोड आणि गावाचं नाव यांवर विसंबू नका. प्लेनोचा पत्ता असलेली काही घरं फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये येतात. मग मंडळाच्या बैठकांची गेल्या दोन वर्षांची इतिवृत्तं चाळा. शाळेची क्षमता किती, मुलं किती, नवी वसाहत होते आहे का, हद्दींचा अभ्यास सुरू झाला आहे का. हे सगळं सार्वजनिक असतं.

पैशाचा हिशोब

चाळीस हजार डॉलर कर्जात मिळवले, व्याज साडेसहा टक्के, मुदत ३० वर्षं, तर हप्ता महिन्याला सुमारे २५३ डॉलरने वाढतो. मिडल स्कूलच्या तीन वर्षांत सुमारे ९,१०० डॉलर, तीस वर्षांत सुमारे ९१,०००. कर वेगळा. विकताना मुद्दल परत मिळू शकतं, पण रेषा आणि शाळेचं नाव दोन्ही तसंच राहिलं तर. एच-१बीवरच्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या दोन महिन्यांत मुलाला स्वस्थ ठेवणारी गोष्ट बहुधा हाताशी असलेली बचत असते, शाळेचं रेटिंग नसतं.

एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, धर्म वगैरेंवरून गिऱ्हाइकाला एका वस्तीकडे वळवायला बंदी आहे. म्हणून बरेच एजंट 'ही शाळा चांगली' असं तोंडाने म्हणत नाहीत. ती जागा आपले व्हॉट्सॲप ग्रुप भरून काढतात. तिथे 'चांगली शाळा' म्हणजे पुष्कळदा 'आपली मुलं जिथे जास्त' एवढंच असतं. सोबत हवी असणं साहजिक आहे, भाषा आणि सण टिकतात. पण त्याला गुणवत्ता म्हणायचं, सगळ्यांनी एकाच बाजूला जायचं, मग तिथल्या वाढलेल्या गुणांकडे बोट दाखवायचं, अशाने दुसऱ्या बाजूची शाळा आपणच वाईट ठरवत असतो.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*एक मूल पाचवीत आणि एक पहिलीत असेल तर?*

पाचवीतल्यासाठी आजचे आकडे आणि गणिताची वाट महत्त्वाची, पहिलीतल्यासाठी मंडळाची इतिवृत्तं. हद्द बदलली तर काही ठिकाणी आधीपासून शिकणाऱ्या मुलाला त्याच शाळेत राहू देतात, पण धाकट्या भावंडाला तोच हक्क मिळेल आणि बसही राहील असं नाही. हे आधीच विचारून ठेवा.

*शाळेसाठी घर घ्यावंच लागतं का?*

नाही. झोनचा हक्क राहण्याने मिळतो, मालकीने नाही. भाडेकरूच्या मुलालाही तोच प्रवेश मिळतो, फक्त भाडेकराराचा कागद लागतो. दोन झोनमध्ये मन ठरत नसेल तर एक वर्ष त्यातल्या एका झोनमध्ये भाड्याने राहा. वर्षभरात शिक्षक कळतील, शेजार कळेल आणि मुलालाही विचारता येईल. मग चाळीस हजारांचा निर्णय घ्या.